ट्रेमधली सात रोपं

नोकरीला लागून जेमतेम तीन महिने झाले होते. भाजीपाल्याच्या बियाण्याच्या एका छोट्या पैदास केंद्रात माझं काम रोपं मोजायचं. जाळीच्या शेडमध्ये उभं राहायचं, प्रोट्रेमध्ये, म्हणजे खणाखणांच्या रोपांच्या ट्रेमध्ये, काय उगवलं, काय नाही, कोणतं रोप बाकीच्यांपेक्षा वेगळं दिसतं ते वहीत मांडायचं. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या महिन्यात रात्री डोळे मिटले तरी कोकोपीटचे काळे चौकोन दिसायचे.

एका सकाळी टोमॅटोच्या एका संकराचा ट्रे पुढ्यात आला. ९८ खण, त्यांत ९१ रोपं. ८४ नेहमीसारखी, कातरलेल्या पानांची. उरलेल्या ७ रोपांची पानं मात्र रुंद, जाडसर, आणि कडेला दाते नाहीतच. नव्या माणसाला व्हायरसची फार धास्ती घातलेली असते. मी सातही रोपं चिमटीत धरून उपटली, पिशवीत कोंबली, पिशवीला गाठ मारली, हात साबणाने धुतले आणि ट्रेवर झारीने पाणी मारून मोकळी झाले. वहीत लिहिलं, ‘८४ चांगली, ७ रोगट, काढून टाकली.’ स्वतःवर खूश होते मी.

दुपारी सरांनी वही चाळली.

‘ही सात कुठायत?’

‘टाकली सर. कचऱ्यात.’

सर रागावले नाहीत. उठले, पिंपातून पिशवी काढली, गाठ सोडली आणि ती मलूल रोपं टेबलावर ओळीने मांडली. मग म्हणाले, ‘रोगट नाहीत हो ही. ही आईवर गेलीयत.’

त्या संकराची आई ‘बटाटापानी’ होती, म्हणजे टोमॅटोच, पण बटाट्यासारख्या पानांचा. बाप साध्या, कातरलेल्या पानांचा. कातरलेलं पान प्रभावी, बटाट्याचं अप्रभावी. त्यामुळे खरोखर संकर झाला असेल तर प्रत्येक रोपाचं पान कातरलेलंच निघायला हवं. बटाटापानी रोप निघालं याचा अर्थ त्या बीला बाप मिळालाच नाही. फुलाने आपल्याच परागाने बी धरलं. टोमॅटोच्या फुलात परागकोशांची पिवळी नळी स्त्रीकेसराला वेढून असते. कळी उमलण्याआधी, पाकळ्या फिकट असतानाच चिमट्याने ती नळी काढून टाकायची असते. एक दिवस उशीर झाला की आत कारभार उरकलेला असतो आणि आपण वरून दुसऱ्याचा पराग लावत बसतो.

बटाटापानी आई मुद्दाम निवडतात ती याचसाठी. फळ लागेपर्यंत थांबायला नको, डीएनए तपासायला नको. रोप बोटभर उंचीचं असतानाच ते आपली कुळकथा सांगून टाकतं. आणि मी ते सांगणारे साक्षीदारच कचऱ्यात टाकले होते.

‘कुठल्या खणांतून उपटली ते लिहिलंत का?’

नव्हतं लिहिलं. ट्रेमध्ये १४ ओळी असतात, ओळीला ७ खण. प्रत्येक फळाचं बी दोन-दोन ओळींत वेगळं पेरलेलं होतं. सातही रोपं त्याच दोन ओळींतली असती, तर एका फुलाला उशीर झाला एवढंच झालं असतं. ट्रेभर विखुरलेली असती, तर सगळ्या कामातच ढिलाई होती. आता ट्रेमध्ये १४ खण रिकामे होते. सात मुळात न उगवलेले, सात मी रिकामे केलेले. वरून पाणी मारल्यावर कोणता कोणता ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

त्या दिवसापासून मला पानांच्या आकाराचं वेड लागलं. फळांबद्दल सगळेच बोलतात. माझ्या वहीत पानं असतात.

पानाचा आकार कसा ठरतो हे पुस्तकात वाचून मला कधी नीट कळलं नव्हतं. कळलं ते एकदा टोमॅटोच्या रोपाचा शेंडा सूक्ष्मदर्शकाखाली धरून सोलल्यावर. दोन सुया घ्यायच्या आणि बाहेरून एकेक कोवळं पान काढत आत जायचं. शेवटी उरतो तो टाचणीच्या टोकाहून लहान, काचेसारखा चमकणारा घुमट. त्याच्या बगलेत स्वल्पविरामासारखा वाकलेला एक उंचवटा असतो. ते पुढचं पान. त्याच्या थोडं बाहेरचं, जरा मोठं पान बघितलं तर त्याच्या दोन्ही कडांना बारीक गाठी दिसतात. या गाठी म्हणजे उद्याच्या पर्णिका, एका पानाची छोटी छोटी पानं. टोमॅटोत त्या टोकाकडून देठाकडे येत जातात, आधी टोकाची, मग तिच्याखालची जोडी, मग त्याखालची. म्हणजे पान आधी अख्खं तयार होऊन मग कुणी कात्रीने कापत नाही. कापल्यासारखं दिसतं ते मुळात फुटत आलेलं असतं.

म्हणून असं पर्णिकांचं मिळून झालेलं संयुक्त पान मला आता पानापेक्षा फांदीसारखं जास्त वाटतं. ही निव्वळ कविकल्पना नाही. बटाटापानी टोमॅटोत बिघडलेल्या जनुकाचं नाव सी. ते एमवायबी घराण्यातलं, म्हणजे दुसरी जनुकं चालू-बंद करणारं प्रथिन बनवणारं. त्याच घराण्यातलं त्याचं एक भावंड आहे ‘ब्लाइंड’. ते बिघडलं की टोमॅटोला बगलफुटी नीट येत नाहीत. एक भाऊ पानाच्या कडेला पर्णिका फुटू देतो, दुसरा खोडाच्या बगलेत फांदी. २०११ साली सी हे जनुक नेमकं कोणतं ते उघड झालं, पण बटाटापानाचा गुण कसा उतरतो ते पैदासकारांना विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ठाऊक होतं. जनुकाचा पत्ता लागायच्या कितीतरी आधीपासून लोक ते वापरत होते. आमच्या क्षेत्रात हे नेहमीचंच.

सी बिघडलं कसं, ही गोष्ट तर त्याहून मजेदार आहे. टोमॅटोच्या डीएनएत ‘रायडर’ नावाचा एक उपद्व्यापी तुकडा आहे. तो स्वतःची नक्कल काढतो आणि ती दुसरीकडे कुठेतरी घुसवतो. अनेक जुन्या बटाटापानी जातींत हा रायडरच सी जनुकात जाऊन बसलेला सापडतो. त्याचे बाकीचे पराक्रमही बघण्यासारखे आहेत. लाल टोमॅटोचा गर पिवळा होतो त्यामागे एका प्रकारात रायडरच. देठाच्या सांध्याची गाठ नाहीशी होते, तिथेही रायडर. आणि लांबोळक्या फळांचं ‘सन’ हे जनुक त्याने दहाव्या गुणसूत्रावरून उचलून सातव्यावर नेऊन ठेवलं, हे २००८ मध्ये कळलं. एकाच चोराने गावातली चार घरं फोडावीत आणि प्रत्येक घरवाल्याने ‘आमच्याकडे नवीन वाण निघालं’ म्हणून ते जपावं, तसं हे.

बटाटापानात पर्णिका कमी आणि कड सपाट. पण याच्या पलीकडेही टोमॅटोची पानं जातात, दोन्ही दिशांना. इथे मला तो सूक्ष्मदर्शकाखालचा स्वल्पविराम पुन्हा आठवतो. सगळा खेळ त्याची कड किती काळ कोवळी राहते यावर आहे. कड कोवळी आहे तोवर तिच्यावर नवीन गाठी येऊ शकतात. एकदा ती निबर झाली की संपलं, मग फक्त आहे तेवढं मोठं व्हायचं.

‘लॅन्सोलेट’ हे उत्परिवर्तन, म्हणजे जनुकात झालेला बदल, या निबर होण्याशी जोडलेलं आहे. तिथे एक जनुक पानाला ‘आता मोठा हो’ असं सांगणारं, आणि एक चिमुकला आरएनए त्याचं तोंड दाबून ठेवणारा. त्याने हात ठेवायची जागाच लॅन्सोलेटमध्ये बदलली आहे. हात घसरतो, जनुक वेळेआधी ओरडतं, पान लवकर निबर होतं आणि पर्णिकांना वेळच मिळत नाही. मग टोमॅटोला भाल्याच्या पात्यासारखं साधं, लहान पान येतं. २००७ मध्ये या यंत्रणेचा उलगडा झाला. हे उत्परिवर्तन एकाच पालकाकडून आलं तर रोप असं दिसतं. दोन्हीकडून आलं तर बऱ्याच रोपांना धड शेंडाच धरत नाही. त्यामुळे लॅन्सोलेटची शुद्ध ओळ, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या एकसारखंच उतरणारं कूळ, ठेवता येत नाही. दर पिढीत अर्धवटातूनच निवडत राहायचं.

दुसऱ्या टोकाला ‘माऊस इअर्स’. उंदराचे कान. पर्णिका गोल, पुन्हा पुन्हा विभागलेल्या, पानाच्या आत पान. शेंड्याला सदा कोवळं ठेवणारं जे जनुक असतं, त्याच्यापुढे दुसऱ्याच एका साध्या कामकरी जनुकाचा तुकडा येऊन जोडला गेलाय. कामकरी जनुक जिथे तिथे चालू असतं, त्यामुळे त्याच्या मागे लागलेलं हेही जिथे तिथे चालू. पानाला म्हातारं व्हायचंच आठवत नाही.

या उंदराच्या कानांवर एक प्रयोग झाला, तो वाचला त्या दिवशी मी शेडमध्ये भेटेल त्याला तो सांगत सुटले होते. खाली खुंट माऊस इअर्सचा, वर कलम साध्या टोमॅटोचं. वरच्या कलमाच्या पेशींत ते उत्परिवर्तन नाही. तरीही कलमावर नव्याने आलेल्या पानांचा आकार उंदराच्या कानांकडे झुकला. खुंटातून त्या जोडजनुकाचा आरएनए कलमाचा सांधा ओलांडून, अन्नरसाच्या वाटेने वर शेंड्यापर्यंत पोचला होता. २००१ साली हे प्रसिद्ध झालं. आमच्याकडे कलमं बांधणाऱ्या मावशींना मी हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, ‘मग? खालच्याचा गुण वर येतोच की.’ मी म्हटलं, मावशी, तसं नाही, जोम येणं वेगळं, हा आकार आलाय, आणि तोही निरोपासारखा. त्यांनी क्लिप लावली आणि पुढचं रोप घेतलं.

आता एक फजिती सांगते.

चार वर्षांपूर्वी एका शेडमध्ये टोमॅटोची नवी पानं दोरीसारखी निघायला लागली. पर्णिका नाहीतच, नुसत्या शिरा, आणि त्याही पिळवटलेल्या. मला तेव्हा ‘वायरी’ या उत्परिवर्तनाबद्दल नुकतंच वाचायला मिळालं होतं. त्यातही पान असंच तारेसारखं होतं. तिथे बिघडते ती बारीक आरएनए तयार करणारी यंत्रणा. ती बंद पडली की ऑक्सिन या संप्रेरकाला प्रतिसाद देणारी दोन जनुकं बेलगाम होतात. विशेष म्हणजे काही विषाणूंच्या लागणीतही टोमॅटोचं पान असंच दोरीसारखं होतं. आणि अनेक विषाणू वनस्पतीची नेमकी असली आरएनएची यंत्रणा पाडण्याच्या मागे असतात. म्हणजे जन्मजात बिघाड आणि रोग, दोघांचा चेहरा एक. मी उत्साहात होते. म्हटलं, आपल्याकडे नवं वायरी निघालं! फोटो काढले, वहीचं पान भरलं, रोपांना फिती बांधल्या.

सर आले, दारात उभं राहून दोन मिनिटं नुसते बघत राहिले. मग म्हणाले, ‘दाराजवळच्याच रांगेत कसं काय निघालं उत्परिवर्तन?’

नीट बघितलं तर सगळी फितवाली रोपं दाराशी. वेगवेगळ्या पाच कुळांची, एकमेकांशी नातं नसलेली. खालची चार-चार पानं ठणठणीत, नुसता वरचा शेंडा पिळवटलेला. तण मारायला २,४-डी वापरलेला पंप कुणीतरी जुजबी विसळून खताच्या फवारणीला घेतला होता. पंप भरून दारापासून सुरुवात केली, म्हणून पहिला फटका तिथल्या रोपांना. २,४-डी म्हणजे नकली ऑक्सिनच, आणि टोमॅटो त्याला फार हळवा. माझं नवं वायरी म्हणजे न धुतलेला पंप.

तेव्हापासून माझा ठोकताळा असा. वेगळं पान पहिल्या-दुसऱ्या खऱ्या पानापासून आहे का? एकाच कुळातल्या रोपांत, इथे एक तिथे एक असं विखुरलेलं आहे का? तर बहुधा रक्तात आहे. कोपऱ्यात घोळका, शेजारच्या परक्या जातीतही तेच, आणि जुनी पानं चांगली, तर बाहेरून आलंय. बटाटापानाच्या बाबतीत आणखी एक. बीजपत्रांवरून, म्हणजे बीतून आधी निघणाऱ्या दोन दलांवरून, काहीही कळत नाही, ती दोघांचीही सारखीच. पहिल्या खऱ्या पानावरही डोळा फसतो. तिसऱ्या-चौथ्या पानाला मी निकाल देते, त्याआधी नाही.

ऑक्सिन निघालंच आहे तर ‘एंटायर’चंही सांगते. पानाच्या कडेला जिथे ऑक्सिन साचतं तिथे गाठ उठते, आणि दोन गाठींच्या मधल्या जागेत त्याची हाक दाबून ठेवावी लागते. हे दाबायचं काम करणारं प्रथिन एंटायरमध्ये निकामी असतं. मग मधली जागा मोकळी राहतच नाही, सगळी कड एकसंध वाढते आणि पर्णिका एकमेकींत मिसळून सलग पान होतं. गंमत अशी की हेच प्रथिन फुलातल्या अंडाशयालाही ‘परागीभवन होईपर्यंत वाढू नकोस’ असं बजावत असतं. ते गेलं की परागाशिवाय फळ फुगतं, आत बी नाही. पानावरून फळाचा अंदाज बांधता येतो तो असा. माझ्यासारख्या बी मोजणाऱ्या बाईच्या दृष्टीने एंटायरची शुद्ध ओळ म्हणजे फारच मनस्ताप.

वाटाण्यावर मी उशिरा आले, पण पानांच्या बाबतीत टोमॅटोपेक्षा तोच जास्त सरळ माणूस आहे. देठाच्या बुडाशी पानासारखी दोन मोठी उपपर्णं, मग पर्णिकांच्या जोड्या, आणि टोकाला आधाराला वेटोळे घालणारे तणावे. तीन वेगवेगळ्या वस्तू एकाच पानावर. आणि प्रत्येकीचा वेगळा खटका.

‘अफिला’ हे अप्रभावी उत्परिवर्तन पर्णिकांच्या जागी तणावे आणतं. रोप बघितलं तर नुसतं तारेचं भेंडोळं, खाली दोन हिरवी उपपर्णं तेवढी शाबूत. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, हे जगणार कसं? पण शेतात ही रोपं एकमेकांना इतकी घट्ट धरून उभी राहतात की पीक लोळत नाही, हवा खेळती राहते, कापणी यंत्राने होते. आज जगात दाण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या वाटाण्याच्या बहुतेक जाती अशाच अर्धपर्णी आहेत. याच्या उलट ‘टेंड्रिल-लेस’. इथे तणाव्यांच्या जागी पर्णिका येतात, पान बाभळीच्या पानासारखं दिसतं. २००९ मध्ये त्याचं जनुक सापडलं. कोवळ्या गाठीची पात्यासारखी पसरण्याची हौस दाबून तिचा तणावा करायचा, हे त्याचं काम.

मग दोन्ही एकत्र आली तर? मी सांगून टाकलं होतं की एकाने केलेलं दुसरं पुसेल आणि साधं पान परत येईल. संकर केला, दुसऱ्या पिढीत ७० रोपं लावली. दोन्ही गुण पुरते दिसायला प्रत्येक गुण दोन्हीकडून यावा लागतो, म्हणजे सोळात एक या हिशोबाने चार-पाच रोपं दुहेरी निघायला हवीत. पाच निघाली, हिशोब बरोबर. पानाचा अंदाज मात्र साफ चुकला. अफिलामुळे फांद्यांवर फांद्या फुटलेल्याच राहिल्या, आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला तणाव्याऐवजी तांदळाएवढी एक पर्णिका. सगळं पान म्हणजे हिरवा भुगा. म्हणजे अफिला नुसतं ‘पर्णिकेऐवजी तणावा’ असं म्हणतच नव्हतं. ते आधी ‘आणखी फुट’ म्हणत होतं. टोकाला काय लावायचं ते दुसरं जनुक ठरवत होतं. हे मला एकेरी रोपं वर्षभर बघूनही दिसलं नव्हतं.

मेंडेलने वाटाण्याच्या ३४ जाती मागवल्या, त्यांतल्या २२ प्रयोगासाठी ठेवल्या. या जाती कशाकशात वेगळ्या आहेत याची यादी देताना त्याने पानांचा आकारही लिहिलाय. पण शेवटी जे सात गुण निवडले, त्यांत पान नाही. त्याला काठावरचे, ‘थोडं कमी थोडं जास्त’ असे फरक नको होते. बी गोल की सुरकुतलेलं, इतका स्वच्छ निवाडा हवा होता. बरंच झालं म्हणायचं. १९११ मध्ये विल्मोरिन हे पैदासकार आणि बेटसन हे आनुवंशिकीचे अभ्यासक यांनी दाखवलं की तणावे असणं-नसणं आणि बी गोल-सुरकुतलेलं असणं हे वाटाण्यात जोडीने उतरतं, कारण दोन्ही जनुकं एकाच गुणसूत्रावर शेजारीशेजारी. मेंडेलच्या सात गुणांत बीबरोबर तणावाही असता, तर स्वतंत्र वाटणीचा नियम, म्हणजे एक गुण दुसऱ्याकडे न बघता उतरतो हा, मांडताना त्याला चांगलाच घाम फुटला असता.

काठावरची रोपं मलाही नको असतात, पण ती येतात. गेल्या आठवड्यात त्याच जुन्या संकराचा नवा ट्रे लावला. आईची ओळ तीच, बापाची तीच. ९५ उगवली. आज सकाळी मोजली तर ९३ कातरलेली, एक निर्विवाद बटाटापानी, आणि एक असं की दुसरं पान सपाट, तिसऱ्याच्या एकाच बाजूला एकच दाता. तो दाता आहे की कुणा किड्याने कुरतडलंय, भिंगातूनही ठरेना. नवी आलेली मुलगी शेजारी उभी होती, तिची चिमट घ्यायला निघालेली बोटं मी हळूच बाजूला केली. वहीत लिहिलंय, ‘ओळ ५, खण ३. चौथ्या पानाची वाट बघणे.’